बेअर्स-पॅकर्स: अकरा पराभव, एक किक आणि माझे चिवड्याचे डबे

नेपरव्हिलचा_भाऊ | ६ जानेवारी २०२५

मंडळी, काल दुपारी आमच्या बेसमेंटमधून असा काही आवाज गेला की वर झोपलेली आई दचकून उठली आणि "काय रे, कोण गेलं?" म्हणत जिन्यापर्यंत आली. म्हटलं कोणी गेलं नाही, बेअर्स जिंकले. तर म्हणे, "कोणाशी?" पॅकर्सशी म्हटल्यावर ती तिथेच पायरीवर बसली. अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही तिला, पण सहा वर्षं या घरात ही मॅच संपल्यावर काय वातावरण असतं ते तिने बघितलंय.

२४-२२. तेही त्यांच्या लॅम्बो फील्डवर. शेवटचा एक मिनिट राहिला असताना त्यांनी ५५ यार्डांची किक मारून २२-२१ केलं तेव्हा मी रिमोट हातात घेतला होता, खरंच सांगतो, बंद करणार होतो. मग आपल्या क्वार्टरबॅकने (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), केलेबने, डीजे मूरला बॉल दिला, आणि वेळ संपता संपता कायरो सँटोसची ५१ यार्डांची किक आत. हाच तो सँटोस ज्याची ४६ यार्डांची किक १७ नोव्हेंबरला आपल्या सोल्जर फील्डवर त्यांनी हाताने अडवली होती आणि आपण २०-१९ हरलो होतो. तो सलग अकरावा पराभव.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: एनएफएल या लीगमधल्या एनएफसी नॉर्थ या गटात चार टीम, शिकागो (आपले बेअर्स), ग्रीन बे (पॅकर्स), डेट्रॉइट, मिनेसोटा. गटातल्या प्रत्येकाशी वर्षातून दोनदा खेळावंच लागतं, सुटका नाही. याआधी आपण पॅकर्सना हरवलं होतं १६ डिसेंबर २०१८ ला, २४-१७. त्यानंतर २०१९ च्या पहिल्याच मॅचला १०-३ हरलो आणि तिथून जी घसरगुंडी लागली ती काल थांबली. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

आता मुद्द्याचं. २०१९ मध्ये मी आणि चीज_ताई यांची याच साइटवर पैज लागली होती की जो हरेल त्याने घरी केलेला चिवडा डब्यात भरून समोरच्याला पाठवायचा. अकरा डबे गेलेत माझे नेपरव्हिलहून मॅडिसनला. अकरा! एकही परत आलेला नाही. ताई, चिवडा तर पाठवाच, पण आधी डबे.

(हो, सीझन ५-१२ ने संपला, मध्ये सलग दहा मॅच हरलो, कालच्या विजयाने ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायच्या रांगेतला) नंबरही मागे गेला. माहितेय. आज कोणी सांगू नका.)

---

कोल्हापूर_ते_कोलंबस

रुमाल टाकून ठेवतो. ताई येईपर्यंत चहा घेऊन येतो.

---

चीज_ताई

आले. अभिनंदन भाऊ, मनापासून. पोतंभर हरल्यावर मूठभर जिंकलात तरी पेढे वाटायचेच असतात.

काल आमचं मन मॅचमध्ये नव्हतंच, प्लेऑफची (बाद फेरीची) जागा आधीच पक्की होती. आमच्या क्वार्टरबॅकच्या, जॉर्डन लव्हच्या कोपराला लागलं, वॉटसनचा गुडघा गेला, त्यामुळे मी शेवटी शेवटी फक्त "कोणाला अजून लागू नये" एवढंच म्हणत होते. तरीही ती पंट रिटर्नची (आम्ही लांब मारलेला बॉल पकडून उलटं पळायची) ट्रिक भारी होती हे मान्य. सगळे मूरकडे धावले आणि बॉल दुसऱ्याच बाजूला ब्लॅकवेलकडे, ९४ यार्ड सरळ. आमच्या घरी सगळे एकाच वेळी चुकीच्या दिशेला बघत होतो, टीव्हीवरसुद्धा.

पण आकडे सांगू का? आमच्या आधीच्या क्वार्टरबॅकचा, ॲरन रॉजर्स एकट्याचा तुमच्याविरुद्धचा रेग्युलर सीझनचा हिशोब: २४ जिंकले, ५ हरले. त्याआधी ब्रेट फार्वचा २२-१०. १७ ऑक्टोबर २०२१ ला सोल्जर फील्डवर टचडाऊन करून रॉजर्स तुमच्या प्रेक्षकांकडे बघून ओरडला होता की तुमची मालकी अजून माझ्याकडेच आहे, ते सातबाऱ्यावर चढलेलं आहे, एका किकने फेरफार होत नाही.

डब्यांचं बघते.

---

नेपरव्हिलचा_भाऊ

ते ओरडणं नका काढू ताई. दसऱ्यानंतरचा रविवार होता, घरी मित्रमंडळी, मी शेजारच्या गोऱ्याला मुद्दाम बोलावलं होतं जेवायला, तोही बेअर्सवाला. ते ऐकल्यावर त्याने बासुंदीची वाटी खाली ठेवली आणि "खोटं नाही ना बोलत तो" एवढंच म्हणून घरी गेला.

---

नवीन_पाखरू (पुणे)

मी रात्री जागून हल्लीच बघायला लागलोय त्यामुळे बाळबोध प्रश्न. शिकागो एवढं मोठं शहर आणि ग्रीन बे म्हणजे जेमतेम लाखभर वस्ती असं वाचलं. मग ही टीम तिथे टिकली कशी आणि वर जिंकते कशी? पैसा कुठून येतो?

---

चीज_ताई

पाखरू, ये बस, हा माझ्या आवडीचा विषय.

पॅकर्सना मालक नाही. म्हणजे एक शेठ नाही. टीम गावाची आहे, पाच लाखाच्या वर शेअरहोल्डर आहेत आणि त्यात अस्मादिकसुद्धा आहेत. २०११ ला अडीचशे डॉलरला एक शेअर मिळत होता, आमच्या ह्यांनी वाढदिवसाला घेऊन दिला. आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना आठव, सभासद, वार्षिक सभा (ती उन्हाळ्यात लॅम्बोवरच भरते), अहवाल, संचालक मंडळ, सगळं आहे. फक्त लाभांश शून्य, शेअर विकता येत नाही आणि सभासदाला तिकीटसुद्धा जास्तीचं मिळत नाही. कागद फ्रेम करून भिंतीवर लावायचा, बस्स. आमच्याकडे तो सासऱ्यांच्या फोटोच्या शेजारी आहे, आणि त्यावरून जे काही व्हायचं ते होऊन गेलंय.

पैसा मुख्यतः टीव्हीचा. लीगच्या टीव्हीच्या करारातून बत्तीस टीमना सारखा वाटा मिळतो, शिवाय पगारावर सगळ्यांना एकच मर्यादा. त्यामुळे गाव छोटं म्हणून खेळाडू घेता येत नाहीत असं होत नाही. लॅम्बोत ८१ हजाराच्या वर लोक बसतात, म्हणजे जवळपास अख्खं गाव मावेल.

---

कोल्हापूर_ते_कोलंबस

चेअरमनच्या निवडणुकीला पॅनेल पडतात का? जेवणावळी?

---

चीज_ताई

पॅनेल नाहीत. जेवणाला ब्रॅटवुर्स्ट असतं, मी आपली घरून ठेपले घेऊन जाते.

---

जुना_बेअर

मी या साइटवर फारसं लिहीत नाही, पण हा धागा बघून राहवलं नाही. १९८४ च्या ऑगस्टमध्ये मी शिकागोला शिकायला आलो, खिशात फारसं काही नव्हतं, पहिल्या थंडीत रूममेटच्या नादाने हा खेळ बघायला लागलो आणि दुसऱ्याच वर्षी १९८५ ची ती टीम. तुम्हा तरुण मंडळींना बेअर्स म्हणजे हरणारे एवढंच माहिती, पण आम्ही सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) ४६-१० ने जिंकलेला बघितलाय, न्यू इंग्लंडला (बॉस्टनवाल्यांची टीम) अक्षरशः पळता भुई थोडी झाली होती. आणि तेव्हा पॅकर्स कोण होते हो? १९८५ ते १९८८ सलग आठ वेळा त्यांना हरवलं. म्हणजे ही रायव्हलरी एकतर्फी नेहमीच होती, फक्त बाजू बदलत राहिली. पहिली मॅचच बघा, २७ नोव्हेंबर १९२१, शिकागोने २०-० ने धुतलं, तेव्हा आपल्या टीमचं नाव बेअर्स नव्हतं, स्टेलीज होतं.

पॅकर्सवाल्यांनी त्या काळात काय केलं ते ताई सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या चार्ल्स मार्टिनने आपल्या क्वार्टरबॅकला, जिम मकमॅहनला, बॉल टाकून झाल्यावर उचलून आपटला. कमरेला टॉवेल, त्यावर आपल्या खेळाडूंचे नंबर लिहिलेले. दोन मॅचची बंदी झाली त्याला. मी तो प्रकार टीव्हीवर बघितला आणि हातातला भाताचा चमचा तसाच राहिला.

मग १९८९ ची रिप्लेवाली मॅच. त्यांच्या माइकोव्स्कीने रेषेच्या पुढे जाऊन बॉल टाकला असं मैदानावरच्या पंचाने सांगितलं, वरच्या रिप्लेवाल्याने बराच वेळ लावून ते फिरवलं, १४-१३ हरलो. बेअर्सनी त्या स्कोअरपुढे आपल्या पुस्तकात चांदणी छापली, कित्येक वर्षं छापत होते. माझ्या मते अजून छापावी.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी मॅच कोणती, तर ७ नोव्हेंबर १९९९. आपला जुना खेळाडू वॉल्टर पेटन १ तारखेला गेला होता. पंचेचाळिशीचा माणूस. आदल्या दिवशी सोल्जर फील्डवर त्याची शोकसभा झाली आणि दुसऱ्या दिवशी टीम लॅम्बोवर, तेव्हाही सलग दहा वेळा हरलेली, फार्वचा भरातला काळ. १४-१३ ने आपण पुढे, शेवटचे काही सेकंद, त्यांच्या लाँगवेलची २८ यार्डांची किक, जी तो झोपेतही मारेल. आपला ब्रायन रॉबिन्सन उडी मारतो आणि बॉल त्याच्या हाताला लागतो. रॉबिन्सन नंतर म्हणाला होता की पेटनने वरून उचललं मला. मी देव वगैरे फारसं मानत नाही. पण त्या दिवशी हात जोडले.

काल सँटोस किकला उभा राहिला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पंचवीस वर्षांनी तेच मैदान, परत एका किकवर, मला बघवेना. हिने आतून ओरडून सांगितलं.

---

हिवाळी_पाहुणा

काका, दंडवत. _/\_

---

चीज_ताई

जुने काका, मार्टिनचं चुकलंच, त्याचं समर्थन आमच्याकडेही कोणी करत नाही. चांदणीचं मात्र हसू येतं, आम्ही ती मॅच दरवर्षी यूट्यूबवर बघतो :ड

आणि एक तुमच्या बाजूचं मी सांगते. १९५६ मध्ये ग्रीन बेमध्ये नवीन स्टेडियमसाठी गावाचं मतदान होतं, जुन्या स्टेडियमवर टीम टिकणार नाही अशी वेळ आली होती. तेव्हा प्रचाराला कोण आलं तर तुमच्या टीमचे संस्थापक-मालक जॉर्ज हॅलस. स्वतः ग्रीन बेला येऊन लोकांना सांगितलं की बांधा. बांधलं, आणि १९५७ मध्ये उद्घाटनाच्या मॅचला आम्ही त्यांनाच २१-१७ हरवलं. आता याला काय म्हणाल.

---

नेपरव्हिलचा_भाऊ

भस्मासुर म्हणेन.

---

आकडेबाज

भावना पुष्कळ झाल्या, जरा कारणांकडे येऊ. लोक म्हणतात क्यूबी (क्वार्टरबॅक), क्यूबी. ते बरोबर आहे पण अर्धवट आहे. १९९२ पासून पॅकर्सचे मुख्य क्वार्टरबॅक तीन: फार्व, रॉजर्स, लव्ह. तीस वर्षांत तीन. पण बघा घेतले कसे: ड्राफ्टमध्ये रॉजर्स २००५ ला २४ वा, लव्ह २०२० ला २६ वा, दोघांनाही तीन तीन वर्षं बाकावर बसवलं, शिकवलं, घाई केली नाही. म्हणजे पहिल्या दहात निवडून आलेला हिरा वगैरे काही नाही, मुरवलेलं लोणचं आहे.

आणि आपण? २०१७ ला तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर जायला जास्तीचे पिक (निवडीचे हक्क) मोजून क्वार्टरबॅक ट्रुबिस्की घेतला, पुढे सुपर बोल जिंकणारा माहोम्स दहाव्या नंबरपर्यंत शिल्लक होता (हे वाक्य लिहिताना दरवेळी बीपी वाढतं). पण खरी गोम पुढे आहे. ट्रुबिस्कीला घेतलं तेव्हा कोच फॉक्स, सीझन संपताच फॉक्सला नारळ. २०२१ ला फील्ड्स घेतला तेव्हा कोच नेगी, सीझन संपताच नेगीला नारळ. २०२४ ला केलेब घेतला तेव्हा कोच एबरफ्लूस, त्याला तर थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच काढलं, सीझन चालू असताना. तीनदा तेच! नवीन सून घरात आणायची आणि वर्षाच्या आत सासू बदलायची, मग स्वयंपाक नेमका कोणाच्या हातचा शिकायचा तिने?

बेअर्सच्या शंभर वर्षांत एकाही क्यूबीने सीझनला ४००० यार्ड केलेले नाहीत. रेकॉर्ड अजून एरिक क्रेमरच्या नावावर आहे, ३८३८, तेही १९९५ चं. हे नशीब नाही, ही सवय आहे.

---

कोल्हापूर_ते_कोलंबस

सासूची उपमा कातिल. +१

---

नेपरव्हिलचा_भाऊ

आकडेबाज, पटलं आणि म्हणूनच वाईट वाटलं. मी इतकी वर्षं रॉजर्सला शिव्या घालत होतो. २०१८ ची पहिली मॅच आठवते? गणपतीच्या आधीचा रविवार, मी मखराला सोनेरी कागद चिकटवत बसलो होतो, रॉजर्स गुडघा धरून गाडीवरून आत गेला, आपण २०-० पुढे. मला वाटलं बाप्पाच पावला. तो लंगडत परत आला आणि २४-२३ ने जिंकून गेला. त्या वर्षी मखराची डावी बाजू वाकडी होती, फोटोत दिसते.

आणि २०१३ चा शेवटचा रविवार, जो जिंकेल तो डिव्हिजन (गट) घेईल अशी मॅच, त्यांना फोर्थ अँड एट (शेवटचा प्रयत्न, आठ यार्ड हवेत), एक मिनिटसुद्धा नाही उरलेला, अडवलं की संपलं. आणि रँडल कॉब एकटा, मोकळा, आसपास चिटपाखरू नाही. ४८ यार्ड. ३३-२८. मी आजही जाहिरातीत कोणी एकटा पळताना दिसला तरी चॅनल बदलतो.

---

बॉस्टनबुवा

एकतर्फीच म्हणताय तर आमच्या ब्रेडीचा बफेलोविरुद्धचा हिशोब बघा, ३३-३. आणि जेट्सना आम्ही सलग पंधरा वेळा...

---

जुना_बेअर

बुवा, तुम्हाला ४६-१० आठवण करून देऊ का?

---

बॉस्टनबुवा

निघतो.

---

हिवाळी_पाहुणा

२०११ च्या जानेवारीतली बेअर्स-पॅकर्स एनएफसी फायनल (जिंकणारा सुपर बोलला) कोणीच काढली नाही म्हणून मी काढतो, कारण मी सोल्जर फील्डवर होतो, उणे किती होतं आठवत नाही, पायाची बोटं होती की नाही तेच कळत नव्हतं. आपला क्वार्टरबॅक कटलर गुडघा दुखतो म्हणून बाहेर बसला आणि लोक जर्सी जाळतायत असे फोटो फोनवर यायला लागले. मग तिसऱ्या नंबरचा हेनी आला, त्याने जीव तोडून खेळ केला, पण मध्येच बी. जे. राजी नावाच्या त्यांच्या अवाढव्य गड्याच्या हातात बॉल दिला आणि तो कंबर हलवत टचडाऊनला गेला. २१-१४. पुढे ते सुपर बोलही जिंकले. दुसऱ्या दिवशी शिकागोजवळच्या एका कार डीलरने पॅकर्सचा टाय घालून आलेल्या सेल्समनला कामावरून काढलं, बातमी होती तेव्हा. आमच्या ऑफिसात सगळे म्हणत होते की फारच झालं, पण आवाज कोणाचाही ठाम नव्हता.

---

चीज_ताई

त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळ्या झाल्या होत्या. दिवे घ्या.

आणि २०१७ ला एकूण हिशोबात आम्ही ९४-९४ बरोबरी केली, मग त्याच नोव्हेंबरात सोल्जर फील्डवरच पुढे गेलो. जुने काका आले तेव्हाची तुमची सगळी आघाडी आम्ही एकेक करून फेडली.

---

जुना_बेअर

ते खरंय. तो आकडा मी तेव्हा कागदावर लिहून फ्रिजवर लावायचो. २०१७ नंतर काढून टाकला.

आणि एक राहिलंच. कालची मॅच झाली ५ जानेवारीला. टीमच्या मालकीणबाई व्हर्जिनिया मकॅस्की, हॅलसची मुलगी, त्यांचा कालच वाढदिवस. १०२ पूर्ण.

---

नेपरव्हिलचा_भाऊ | ७ फेब्रुवारी २०२५

काका, तुम्ही लिहिलंत आणि महिन्याभरात बातमी आली. काल गेल्या त्या. वाढदिवसाला लॅम्बोवरचा विजय बघून गेल्या, एवढं तरी झालं.

दरम्यान नवीन कोच आलाय, बेन जॉन्सन, डेट्रॉइटहून. पहिल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये म्हणाला की पॅकर्सच्या कोचला वर्षातून दोनदा हरवण्यात मजा यायची. ताई, डब्यांचं काय झालं?

---

चीज_ताई

बोलायला पैसे पडत नाहीत. बघते म्हटलं ना.

---

नेपरव्हिलचा_भाऊ | ११ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय. कारण सांगायला हवं का?

७ डिसेंबरला लॅम्बोवर २८-२१ हरलो, शेवटचा पास एंड झोनमध्ये त्यांच्या हातात. बारावा डबा भरायला घेतला होता. २० डिसेंबरला ओव्हरटाइममध्ये २२-१६ जिंकलो, डीजे मूर ४६ यार्ड. डबा परत कपाटात. आणि काल रात्री प्लेऑफ! शंभराच्या वर वर्षं खेळतायत आणि प्लेऑफमधली ही तिसरीच गाठ, १९४१, २०११ आणि काल. हाफटाइमला २१-३ मागे. बायको म्हणाली झोपायला चल. आकडेबाजचं ते सासूचं वाक्य आठवत बसून राहिलो, म्हटलं या सासूने काय शिकवलंय ते बघू तर. ३१-२७!! शेवटच्या क्वार्टरमध्ये पंचवीस पॉइंट. रॉजर्सने आपल्याशी जे केलं तसं पहिल्यांदाच आपण त्यांच्याशी केलं. आई या वेळी उठली नाही, तिला वाटलं नेहमीचंच असेल.

---

आकडेबाज

केलेबने या सीझनला क्रेमरचं रेकॉर्डही मोडलं, ३९४२. चार हजार अजून नाहीतच, नोंद असावी.

---

जुना_बेअर

या वेळी मी स्वयंपाकघरात गेलो नाही. बसून बघितलं.

---

कोल्हापूर_ते_कोलंबस

ताई कुठायत?

---

चीज_ताई

आहे. काल रात्री टीव्ही बंद करून भांडी घासली, सकाळी परत घासली. तीन किक हुकल्या आमच्या, त्यातली एकही गेली असती तर... जाऊ दे.

भाऊ, पत्ता तोच आहे ना? रिकामे डबे परत करायची आपल्यात पद्धत नाही म्हणून एवढे दिवस थांबले होते. पोहे काल रात्रीच भाजलेत. डबे अकराच्या अकरा मिळाले, झाकणं नऊच सापडतायत.